भर उन्हातला स्लॅब: कामाची वेळ बदलता येईल का?

लातूरचा साइटवाला · ९ मे, रात्री १०:४०

सहा दिवस झाले, झोप नीट लागत नाही. कुणाशी तरी बोलावं म्हणून इथं लिहितोय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी डिप्लोमा सिव्हिल. अकरा वर्षं लातूर आणि आसपासच्या घरबांधणीवर सुपरवायझर आहे. ३ मेला एका बंगल्याचा स्लॅब होता. तेवीस जणांची टोळी, मिक्सर आणि लिफ्ट त्यांचीच. सकाळी सहाला सुरू करायचं ठरलं होतं. वाळूचा टिप्पर उशिरा आला, मालकाकडचे पाहुणे पूजेला नऊला पोचले, नारळ फुटेस्तोवर साडेनऊ झाले. पहिलं घमेलं वर गेलं तेव्हा दहा वाजले होते. ज्यांनी स्लॅब बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. एकदा माल टाकायला घेतला की मधे थांबता येत नाही. थांबलं की जुना माल आणि नवा माल एकजीव होत नाही, आणि पावसाळ्यात बरोबर तिथूनच गळतं. म्हणजे दहाला सुरू केलेला स्लॅब सगळी दुपार डोक्यावर घेऊनच संपणार.

सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली आधाराला लावतात त्या लोखंडी प्लेटांवर हात टेकवत नव्हता. पोरांनी चपलांना ओल्या गोणपाटाचे तुकडे बांधले होते.

टोळीत कंधारकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. कामाचा त्याचा तिसराच दिवस. दीडच्या सुमारास तो मिस्त्रीला उलट बोलायला लागला, घमेलं भलतीकडंच ओतलं. मी खालून ओरडलो, "पिऊन आलास का रे?" त्याची नजर माझ्यावर ठरत नव्हती. "डोकं गरगर करायलंय साहेब," एवढं म्हणाला आणि तिथंच आडवा झाला. अंगाला हात लावला तर भाजल्यासारखं झालं. पण शर्ट घामानं चिंब होता. उष्माघातात घाम बंद होतो असं मी पोस्टरवर वाचलेलं, म्हणून मला वाटलं हा उष्माघात नव्हे, चक्कर असेल. पाणी पाजायला गेलो, ते नाकातोंडातून बाहेर आलं. गाडी मिळेपर्यंत चाळीस मिनिटं आम्ही त्याला पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याखाली झोपवून ठेवलं.

पोरगा वाचला. पण लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, किडनीवर आलं, तीनदा डायलिसिस करावं लागलं.

एक गोष्ट मनातून जात नाही. काँक्रीटसाठी आपल्याकडं भारतीय मानक आहे, आयएस ७८६१. हवा ४० अंशांच्या वर गेली की ते 'उष्ण हवामानातलं काँक्रीट' धरायचं, टाकताना मालाचं तापमान ४० च्या आत ठेवायचं, खडी ओली करायची, लागलं तर पाण्यात बर्फ घालायचा. कॉलेजात घोकून पाठ केलेलं. त्या दिवशी मी सकाळपासून दोनदा खडीवर पाणी मारून घेतलं होतं. वर माल टाकणाऱ्या तेवीस जणांपैकी एकाच्याही अंगावर पाणी टाकायचं मला सुचलं नाही.

विचारायचं ते हे. त्या चाळीस मिनिटांत आम्ही काय करायला हवं होतं? आणि तुमच्याकडं कुणी कामाची वेळ खरोखर बदलून दाखवली आहे का? सल्ला नको, केलेलं सांगा.

गोदाकाठ · ९ मे, रात्री १०:५८

पोरगा आता कसा आहे?

लातूरचा साइटवाला · ९ मे, रात्री ११:०५

परवा घरी सोडलं. दहा पावलं चालला तरी दमतो म्हणतोय.

ग्रामीण डॉक्टर, बीड जिल्हा · १० मे, सकाळी ७:२०

दादा, तुमच्या पोस्टमध्ये जवळजवळ सगळं निदान आहे. तेच नीट उलगडून सांगतो.

उष्माघाताचे दोन प्रकार. एक घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला, तान्ह्या बाळाला, आजारी माणसाला होतो. दोन-तीन दिवस अंग तापत जातं, कातडी कोरडी पडते. दुसरा कष्ट करणाऱ्या धडधाकट माणसाला होतो, तासा-दोन तासांत. त्याच्या स्नायूंतून उष्णता निघत असते आणि बाहेरची हवा ती घेत नाही. या दुसऱ्या प्रकारात घाम येत असतो. पोस्टरवरची ओळ पहिल्या प्रकाराची, आणि ती वाचून फसतात दुसऱ्या प्रकारातले.

खरी खूण डोक्याची आहे. माणूस बरळतोय, विनाकारण भांडतोय, रस्ता चुकतोय, झोकांड्या खातोय. अंगाचं तापमान ४० अंशांच्या (१०४ फॅरनहाइट) वर आणि भान बिघडलेलं, की तो उष्माघातच धरायचा. आमच्याकडं असे रुग्ण 'दारू प्यालाय' म्हणून दोन तास झाडाखाली पडून राहिलेले असतात. झटके आले तर मिरगी समजून नाकाला चप्पल नाहीतर कांदा लावतात. त्यात जी वेळ जाते तीच जीव घेते.

चाळीस मिनिटांचं म्हणाल तर नियम असा: आधी थंड करा, मग हलवा. १०८ ला फोन लावायचा आणि तो चालू असतानाच पाणी ओतायला लागायचं. अर्ध्या तासाच्या आत ताप ३९ च्या खाली आणता आला तर मेंदू, यकृत, किडनी वाचायची शक्यता पुष्कळ वाढते. तुमच्या साइटवर तर सगळं हाताशी होतं. ताडपत्री अंथरायची, माणसाला मधे निजवायचं, चौघा-पाचजणांनी कडा वर उचलून धरायच्या की झाली टाकी. त्यात क्युरिंगच्या (काँक्रीटवर पाणी मारायच्या) पाइपनं पाणी सोडायचं, बर्फ मिळाला तर टाकायचा, पाणी हलवत राहायचं, आणि एकानं डोकं वर धरून ठेवायचं. उन्हात तापलेल्या टाकीचं पाणी आधी सोडून द्या, बोअरचं घ्या. शेतात असाल तर गुरांचा हौद आहेच. काहीच नसेल तर कपडे सैल करून सगळं अंग ओलं ठेवायचं आणि वारा घालत राहायचं. कोरडा पंखा आपल्या इथल्या ४२-४३ च्या हवेत गरम वाराच अंगावर मारतो.

बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. क्रोसिन वगैरे तापाची गोळीही देऊ नका. हा ताप जंतूंचा नाही, गोळीनं उतरत नाही, उलट यकृतावर ताण येतो.

काळी लघवी म्हणजे स्नायू फुटून त्यांचा रंग किडनीत अडकला. कामावर कुणालाही तशी लघवी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. आणि पोराला निदान या उन्हाळ्यात कष्टाच्या कामावर येऊ देऊ नका. एकदा असा झटका बसला की पुढं काही काळ शरीर ऊन नीट सोसत नाही.

जालना फर्नेस · १० मे, सकाळी ९:०२

तिसरा दिवस हे महत्त्वाचं आहे. मी सळईच्या कारखान्यात सोळा वर्षं काढलीत. उन्हाळ्यात पडतो तो बहुतेक नवा माणूस, नाहीतर गावाकडून पंधरा दिवसांची सुट्टी काढून आलेला जुना. अंग उष्णतेला सरावायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. आठवडाभर घरी राहिलं की हा सराव उतरू लागतो.

अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचा हिशोब आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच उन्हातलं काम द्यायचं, मग रोज २० टक्के वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. आम्ही टक्के मोजत नाही, पण नव्या माणसाला पहिला आठवडा भट्टीपासून लांब ठेवतो आणि जुन्याची जोडी देतो. जोडीदाराचं एकच काम, त्याच्याकडं बघत राहायचं. कारण ज्याला लागतं त्याला कळत नाही.

पाणी तहान लागल्यावर प्यायचं नसतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास. आणि एका तासात दीड लिटरच्या वर नुसतं पाणी ढोसायचंही नाही, मीठ उतरून वेगळाच त्रास होतो. मधून मधून ताक, लिंबू-मीठ.

पाटोद्याचा शेतकरी · १० मे, दुपारी १२:३०

तुमचं सगळं पटतंय, पण एक बोलतो. ऊन काय आज आलं का? आम्ही बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडली आहे. आमचा बाप भर वैशाखात नांगर हाकायचा. आताची पोरं नाजूक झालीत असंही आहे थोडं.

गोदाकाठ · १० मे, दुपारी १:१५

काका, मान ठेवून बोलतो. तुमचे वडील नांगर किती वाजता जुंपायचे आणि किती वाजता सोडायचे?

पाटोद्याचा शेतकरी · १० मे, दुपारी २:४०

पहाटे चांदणीवर जुंपायचं. दहा-साडेदहाला सोडायचं, कारण बैल थांबायचे. बैलाला लागलं तर वर्ष बुडायचं. मग लिंबाखाली भाकरी, झोप. दिवस कलला की पुन्हा दोन तास.

लिहिता लिहिता माझ्याच ध्यानात आलं. बैल होता म्हणून माणूसही सावलीत बसायचा. ट्रॅक्टरला ऊन लागत नाही, त्यामुळं ड्रायव्हर दुपारीही रानात असतो. बांधावरचे लिंबही गेले. आणि घर माळवदाचं होतं. दीड हाताच्या भिंती, वर मातीचा थर. दुपारी आत गेलं की गार. माळवद दरवर्षी लिंपायला माणूस मिळंना, पाऊस गळू लागला, म्हणून आम्ही २००९ ला पत्रे टाकले. आता रात्री दोन वाजेस्तोवर आत झोपवत नाही.

नाजूक म्हणालो ते मागं घेतो.

ग्रामीण डॉक्टर, बीड जिल्हा · १० मे, दुपारी ३:१०

काका, रात्रीचं तुम्ही बोललात ते फार मोलाचं आहे. दिवसभर तापलेलं अंग रात्री निवलं पाहिजे. पत्र्याखाली ते निवत नाही, आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो तो आदल्या दिवसाचा ताण घेऊनच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त रुग्ण येतात ते यामुळंच. बीपीसाठी लघवीच्या गोळ्या घेणारे, मानसिक आजाराची काही औषधं घेणारे, साखरेचे रुग्ण, गरोदर बाया यांना धोका आणखी. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण उन्हाळ्याच्या तोंडाला डॉक्टरला एकदा विचारून घ्या.

वसमतची लेक · १० मे, रात्री ९:२५

सगळे पाणी प्या म्हणतायत. माझी आई आणि गल्लीतल्या बाया हळदीच्या आणि पऱ्हाट्या उपटायच्या कामाला जातात. त्या मुद्दाम पाणी पीत नाहीत. रानात आडोसा नसतो. गावाकडं हळद काढून झाली की सपाट मैदान, लांबवर दिसतं. सकाळी घरून निघताना एक तांब्या पितात आणि मग संध्याकाळपर्यंत घोट घोट. सगळ्यांना उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, आणि ते बायकांचं दुखणं म्हणून कुणी बोलत नाही. आईला दोनदा मुतखडा झाला.

हळद शिजवायला कुकर लागतो तिथं तर दोन्ही बाजूंनी. वरून ऊन, समोर वाफ. तिथं काम करणाऱ्या बायका नऊवारीच्या आत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला घट्ट गुंडाळतात. वाफेजवळ घाम सुटतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं.

आणि वेळ बदला म्हणताय त्याबद्दल. पुरुषांना पहाटे पाचला जाता येईल. बायकांचा रोज अकराला का सुरू होतो? त्याआधी पाणी भरणं, भाकऱ्या, शेण, पोरांचं आवरणं. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, आलं की सगळं सोडून भरावं लागतं. पहाटे पाचचं काम ठरवलं तर आई तीनला उठेल. झोप कमी, दुपारी पत्र्याखाली झोप लागणार नाही. त्याचाही विचार करा. मी विरोध करत नाही.

लातूरचा साइटवाला · १० मे, रात्री १०:१०

ताई, आमच्या टोळीत पाच बाया आहेत. मी आजवर त्यांना हे विचारलेलं नाही. साइटवर मोरी नाही, शेजारच्या अर्धवट प्लॉटात जातात. उद्या पहिलं काम ते करतो.

नांदेडची आशा · ११ मे, सकाळी ८:४५

दोन गोष्टी सांगते, मग कामाला लागते.

एक, ओआरएस. पाकिटावर काय लिहिलंय ते बघून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात एक लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. दुकानात टेट्रापॅकमध्ये गोड पेयं ओआरएस नावानं मिळायची, त्यांत साखर कितीतरी जास्त. २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते नाव वापरायला मनाई केली. सरकारी दवाखान्यात पाकीट फुकट मिळतं, आमच्याकडंही असतं, मागा. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. अंदाजानं मूठभर मीठ टाकू नका.

दुसरी, लग्नं. बारा-पस्तीसच्या मुहूर्तावर मंडपात हजार माणसं, आणि बाहेर बँडवाले काळ्या-लाल जाड कोटात एक तास नाचत्या वरातीपुढं. गेल्या वर्षी आमच्या गावात ट्रम्पेट वाजवणारा वाजवता वाजवता कोसळला. गोरज मुहूर्त धरा हो. पत्रिका छापायच्या आधी एवढं करता येतं.

परभणीहून · ११ मे, सकाळी १०:३०

तापमानाच्या आकड्याबद्दल एक गैरसमज सगळ्यांना असतो. 'परभणी ४३' म्हणतात तो आकडा सावलीतला आहे. वेधशाळेत जाळीच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर तापमापी असते, वारा खेळतो, ऊन लागत नाही. तुमच्या प्लेटांवर, डांबराच्या रस्त्यावर, खडीच्या ढिगाऱ्यात त्यापेक्षा कितीतरी जास्त. हवामान खातं सपाट प्रदेशात उष्णतेची लाट म्हणतं तेव्हा तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असावं लागतं, किंवा थेट ४५. सरासरीच ४१ असलेल्या आपल्या मे महिन्यात ४४ झालं तरी कागदावर लाट नसते. म्हणून 'इशारा आला नाही' यावर विसंबू नका.

उन्हानं झालेल्या मृत्यूंची मोजदादही तशीच कमी होते. अहमदाबादला २१ मे २०१० रोजी ४६.८ होतं. नंतर अभ्यासकांनी त्या महिन्यातले सगळे मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून बघितले तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. असे मृत्यू पुष्कळदा उष्माघात म्हणून नोंदलेच जात नाहीत. त्यानंतर २०१३ ला तिथं उष्णता कृती आराखडा आला. आपल्याकडं कुणी साइटवर पडलं तर दवाखान्यात पोचल्या पोचल्या अंगाचं तापमान मोजून केसपेपरवर लिहून घ्या. नंतर अंग निवतं आणि पुरावा उरत नाही.

कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. स्लॅबची तारीख तो बघून धरा.

गोदाकाठ · ११ मे, सकाळी ११:०५

आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार पेटी द्यायची असं स्पष्ट लिहिलं होतं. खासगी गुत्तेदाराला (ठेकेदाराला) तेवढंही कुणी विचारत नाही. गुत्तं, म्हणजे ठरलेल्या रकमेत पुरं करायचं काम, आहे तोवर टोळीच थांबायला तयार नसते, कारण लवकर संपवलं की दुसरा स्लॅब. तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे दादा. रोजावरचा माणूस सावलीत बसेल. उधड्या, म्हणजे गुत्त्याच्या कामावरचा बसणार नाही, तुम्ही हात जोडले तरी.

जालना फर्नेस · ११ मे, दुपारी १२:२०

बरोबर. म्हणून विश्रांतीची वेळ गुत्त्याच्या भावातच धरावी लागते. आधी बोला, आकडा ठरवा.

लातूरचा साइटवाला · २२ मे, दुपारी १:५०

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय. आज दुसरा स्लॅब झाला, मघाशीच साइटवरून आलो.

मालकाशी दहा दिवस आधी बोललो. पहिल्यांदा तो म्हणाला, पहाटे कशाला, लोक काय म्हणतील. मी त्याला माणसांबद्दल सांगत बसलो तेव्हा तो नुसती मान हलवत होता. मग म्हणालो, बेचाळीस अंशांत टाकलेल्या स्लॅबला बारीक भेगा पडतात, पाणी उडून जातं, ताकद कमी येते. तेव्हा लगेच तयार झाला. वाईट वाटलं, पण काम झालं.

पूजा आदल्या संध्याकाळी उरकली. वाळू, खडी, सिमेंट आदल्या दिवशीच साइटवर. गुत्त्याच्या भावावर पाच टक्के जास्त ठरवले, त्यात दर तासाला दहा मिनिटं सगळ्यांनी आळीपाळीनं खाली उतरायचं. टोळीच्या मुकादमानं आधी ऐकलं नाही. कंधारचं पोरगं त्याच्याच मेहुण्याचं, ते आठवून दिलं तेव्हा गप्प बसला.

वसमतच्या ताईंचं ऐकून बायांना विचारलं. त्या म्हणाल्या, येतो, पण सकाळची भाकरी आमच्यानं होणार नाही. म्हणून सगळ्या टोळीचा नाश्ता मालकाकडून, पोहे आणि ताक. जुन्या पत्र्यांची मोरी उभी केली, आत ड्रम आणि मग. त्यातली एक वयस्कर बाई सकाळी आठला माझ्यासमोर उभी राहून दोन ग्लास पाणी प्यायली. वीस वर्षांत पहिल्यांदा साइटवर पोटभर पाणी पितेय म्हणाली.

पहाटे चारला मिक्सर सुरू केला. सव्वाअकराला शेवटचं घमेलं. तेव्हा मोबाइलवर ३९ दाखवत होतं. ताडपत्री आणि बर्फाची लादी तयार ठेवली होती, लागली नाही. दोन नवी पोरं होती, त्यांना खालीच वाळू भरायला ठेवलं.

अडचणीही सांगतो. पलीकडच्या घरातल्या आजोबांनी साडेचारला येऊन आवाजाबद्दल फार सुनावलं, त्यांचंही बरोबर होतं, मी आधी सांगायला हवं होतं. आणि उजेड कमी पडला. दोन हॅलोजनमध्ये कडेच्या बीमचं लोखंड नीट दिसत नव्हतं, एकाचा पाय सळईत अडकला, खरचटलं. अंधारातला धोका वेगळा आहे हे मी धरलंच नव्हतं.

पुढचा स्लॅब २९ मेला औसा रोडला, तेराशे फुटांचा. त्याला निदान सहा हॅलोजन आणि उंच स्टँड लागतील. लातुरात कुणाकडं भाड्यानं किंवा एक रात्र उसने मिळतील का? शेजारच्या आठ घरांत मी उद्या स्वतः जाऊन सांगून येतोय.

पाटोद्याचा शेतकरी · २२ मे, दुपारी २:१५

माझ्या भाच्याचा मंडपाचा धंदा आहे, लातूरजवळच्या मुरूडला. स्टँड आणि सहा दिवे त्याच्याकडं असतात. २९ ला लग्नाची तारीख आहे का बघून संध्याकाळी कळवतो.